कोपऱ्यातल्या खोलीचा सिग्नल

“एवढी एकच खोली राहिली,” व्यवस्थापिका दाराशी थांबून म्हणाल्या. “हिचा निकाल लागला, की आम्ही पट्टे वाटायला मोकळे.”

अभियंत्याने मोजणीचे यंत्र सुरू केले. वृद्धाश्रमात मनगटी पट्टे, गाद्यांखालचे सेन्सर आणि धुराची चाहूल घेणाऱ्या डब्या बसायच्या होत्या. ही सगळी उपकरणे वायफायवरून बोलणार, म्हणून आधी वायफाय सज्ज करणे हे त्याचे काम. राउटर जुनेच होते, जुन्याच जागी. जाळ्याची घडी तेवढी त्याने नवी बसवली होती. उपकरणांसाठी वेगळे जाळे आखले होते, म्हणजे उद्या एखाद्या डबीत कुणी शिरकाव केलाच, तरी त्याला कार्यालयातल्या संगणकांपर्यंत पोचता येऊ नये. कामाचे पैसे त्याने घेतले नव्हते. कोपऱ्यातल्या या खोलीत त्याचे वडील राहत होते.

“आता गादीलाही तोंड फुटणार म्हणे,” वडील खाटेवरून म्हणाले. “म्हातारा किती वेळा कूस बदलतो, त्याची चहाडी करणार.”

“चहाडी कसली काका, काळजी.”

“बाई, माझं लग्न झालेलं होतं. दोन्हींत फरक नसतो, हे मला ठाऊक आहे.”

व्यवस्थापिका हसल्या, पण पुढचे बोलणे त्यांना टाळता येण्याजोगे नव्हते. पडलेल्या माणसाचा पट्टा हाक मारणार, ती हाक पोचलीच पाहिजे. ज्या खोलीत सिग्नल पोचत नाही, ती रिकामी करायची, असे संस्थेने ठरवले होते. तिथल्या माणसाची सोय तळमजल्याच्या सामाइक दालनात. दालनात पडदे लावून कप्पे पाडलेले होते. खिडकी एकाही कप्प्याला नव्हती.

“नीट मोज रे,” वडील म्हणाले. “घाई करू नकोस. खिडकीपाशी तुझी आई बसायची, तिथेही बघ.”

खोलीत दोन खाटा होत्या. दुसरीवरची चादर वडील अजून रोज झटकत.

आई गेल्या वर्षी याच खाटेवर गेली. त्या संध्याकाळी तिला मुलाशी बोलायचे होते आणि वडील फोन लावत राहिले होते. इमारतीत मोबाइलची रेंज कधीच नव्हती. सगळ्यांचे फोन संस्थेच्या वायफायवर चालत. मुलगा पोचला तेव्हा सगळे आटोपले होते. फोन आलाच नाही, असे त्याने सांगितले. रिंग तर ऐकू येत होती, असे वडील म्हणाले. त्यावर त्याने शांतपणे समजावले होते, की सिग्नल नसला, तरी आपला फोन आपल्या कानात रिंग वाजवतो. पलीकडे काहीच पोचत नाही.

त्याने मोजणी सुरू केली. न्हाणीघराचे दार, कपाट, खिडकी. यंत्र हळू फिरवत तो खाटांच्या मधल्या जागेत आला.

“मी इथेच उभा होतो,” वडील म्हणाले. “त्या दिवशी.”

अभियंता यंत्राच्या पडद्याकडे पाहत राहिला.

“काय रे? बोल की.”

“नाही येत, बाबा.”

“अजिबात?”

“अजिबात.”

“पण बाहेर तर चांगला होता,” व्यवस्थापिका म्हणाल्या. “एखादा राउटर वाढवला तर?”

“भिंतीत लोखंड आहे. वाढवून दाखवता येईल. खात्री मी देणार नाही. आणि पट्टा खात्रीसाठीच असतो ना, मॅडम?”

व्यवस्थापिकांनी ते मान्य केले. जाणकार तो होता, आणि पोटचा मुलगाही तोच.

वडील उठले. दुसऱ्या खाटेवरची उशी त्यांनी उचलली, काखेत धरली आणि तसेच उभे राहिले.

“म्हणजे तेव्हाही नव्हताच,” ते म्हणाले.

“काय?”

“सिग्नल. तू सांगितलंस तेव्हा मी मान डोलावली होती, पण पटलं नव्हतं बघ. ती विचारायची, उचलला का? मी म्हणायचो, उचलत नाही. तेच ऐकत गेली ती.” त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “पोटच्या पोराबद्दल मनात अढी धरून बसलो होतो रे. आज सुटली. खोलीचं काय एवढं? खोल्या जातात.”



“चला बाई,” वडील म्हणाले, “दाखवा तुमचं दालन. घोरणारा शेजारी तेवढा देऊ नका.”

“तुम्ही व्हा पुढे,” अभियंता म्हणाला. “मी हे आवरून येतो.”

दोघांची पावले जिन्यापर्यंत ऐकू आली. यंत्र बंद करण्यापूर्वी त्याने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिले. अख्ख्या इमारतीत इतका भक्कम सिग्नल दुसऱ्या कुठल्याच खोलीत मिळाला नव्हता.