एकोणिसावी जोडी

प्रवाळ बघायला समुद्रात उतरलेले पाहुणे एकेक करून बोटीत चढले. माझा कामाचा पहिलाच दिवस, म्हणून मी दोनदा डोकी मोजली. अठरा. “काका, सगळे आले, सोडा बोट!”

बोटवाले काका ढिम्म हलले नाहीत. “आता चपला मोज.”

बोटीत चढताना पाहुणे आपापल्या चपला एका टोपलीत काढून ठेवतात. “अहो ताई, आटपा की! आमचं पॅरासेलिंग चुकेल,” मागून कुणीतरी करवादलं. मी मोजल्या. एकोणीस जोड्या.

पुन्हा मोजल्या, तरी एकोणीसच. माझी जोडी तर माझ्या पिशवीत होती. सगळ्यांना आपापल्या घ्यायला लावल्यावर उरलेली लाल पट्ट्यांची एक बायकी जोडी उचलून मी ओरडले, “ही कुणाची?” कुणीच हात वर केला नाही. मी पाण्यात उडी मारणार, तोच काकांनी माझा दंड घट्ट धरला.

“थांब. सगळे आलेत. ती जोडी रोज मीच टाकतो टोपलीत.”

“हा काय खेळ लावलाय, काका? माझा जीव जायची वेळ आली होती!”

काकांनी ती जोडी माझ्या हातातून घेतली, पुसली आणि आपल्या सीटखाली सरकवली. “उद्यापासून तुझ्या चपलाही टोपलीतच ठेव.”

 

“तुझ्या आधी डोकी मोजायचं काम माझी बायको करायची. त्या दिवशीही पाहुणे सगळेच्या सगळे परत आले होते.”