भागाबाईंच्या शेजारची सीट

या, जरा पुढे सरकून बसा. टेकायला भिंत नसली तरी चालेल. गोष्ट लहान आहे आणि गोड आहे.

जळगावच्या धावपट्टीवर पुण्याचं विमान पाऊण तास उभं होतं. पुण्याकडे ढग दाटलेले, म्हणून तिकडून परवानगी येईना. सगळे प्रवासी चुळबुळत होते. मृणालीला मात्र वाटत होतं, परवानगी आणखी तासभर आली नाही तरी बरंच.

खिडकीशी तिची सासू बसली होती. भडगावच्या भागाबाई. दोन वर्षांपूर्वी स्वप्नीलने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून सुनेचं नावही त्यांनी घरात काढू दिलं नव्हतं. सून कधी समोर आली नव्हती, आणि स्वप्नीलने पाठवलेला लग्नाचा फोटोही त्यांनी म्हणे न बघताच ठेवून दिला होता. आता गुडघा दाखवायला मुलाकडे निघाल्या होत्या. मृणाली ऑफिसच्या कामाने जळगावला आलेली. शेजारशेजारची तिकिटं काढायची युक्ती स्वप्नीलची.

"विमानातून आईला उठून जाता येणार नाही," तो म्हणाला होता. "उतरायच्या आत सांगून टाक, मी तुमची सून म्हणून. नाहीतर तुला दारात बघून ती तशीच परत फिरेल."

सांगायचं कसं? मृणालीने मनात चार वाक्यं जुळवली. चारही खोडून टाकली.

"पुण्यात राहतेस का गं?" भागाबाईंनीच विचारलं.

"हो."

"माझा पोरगाही तिथंच शे. त्याच्याकडे चालले. तिच्याकडे नाही."

"तिच्याकडे म्हणजे?"

"सुनेकडे. दोन वर्षांत एक फोन नाही बाईचा. तोंड शे की नाही, देव जाणे."

"घाबरत असेल."

"मी काय वाघीण शे?"

मृणालीने पट्टा उगाच घट्ट केला.

"तुझं लग्न झालं?"

"झालंय."

"सासू कशी शे?"

"बोलकी आहे."

भागाबाई खुदकन हसल्या. "मग नशीब काढलंस. आमच्या सप्त्यातले महाराज कीर्तनात सांगतात, देव वाटेत गाडी अडवतो ना, ते माणसाला बोलतं करायला."

आता बोलायचंच. मृणालीने श्वास भरून घेतला. "मावशी, मला तुम्हाला एक..."

तेवढ्यात वर घोषणा झाली. आणखी अर्धा तास. सगळं विमान एकदम कुरकुरलं आणि त्या गोंधळात तिचा धीर पुन्हा मावळला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ते इतक्या मोठ्याने गुरगुरलं की भागाबाईंनी वळून पाहिलं.

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडताच तुपाचा वास दोन रांगा मागे गेला.

पलीकडच्या सीटवर एरंडोलचे प्रेमराजभाऊ होते. त्यांनी हसत हात पुढे केला. "अक्का, वास भारी शे. इकडेबी येऊ द्या थोडं."

"कानबाईना रोट शे, भाऊ. देवीचा प्रसाद."

प्रेमराजभाऊंनी हात मागे घेतला आणि तोच कपाळाला लावला. "मग राहू द्या, अक्का. तो घरच्यांनीच खायचा. बाहेरच्याला देता येत नाही."

"तेच तर," भागाबाई म्हणाल्या. त्यांनी चांगला मोठा तुकडा मोडला आणि मृणालीच्या तळहातावर ठेवला.

"खा, पोरी. अन् खाताना तुझ्या सासऱ्यांची आठवण काढ. सून पाहायची फार हौस होती त्यांना."