माहेरचं नाव

“आई, सुई वगैरे काही नाही गं. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, झालं!”

व्हिडिओ कॉलवर आई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

भानगड तशी फालतूच होती. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कुमुद आहे आणि तिच्या पासपोर्टवर निर्मला. बाबांनी मला लहानपणीच सांगितलेलं, लग्नात नाव बदललं, पण बाळंतपण माहेरी झालं आणि तिकडच्या दवाखान्यात सगळे तिला जुन्याच नावाने ओळखायचे. मी तेच लिहून इथल्या व्हिसावाल्यांना पाठवलं. त्यांना पटलं नाही. आता म्हणे आईची आणि माझी डीएनए टेस्ट हवी, मगच आई-बाबा दोघांना कायमचा व्हिसा.

“तिकडं थंडी फार असते रे,” आई म्हणाली. “आम्ही इथंच बरे.”

“अगं, गेल्या आठवड्यात तर स्वेटर विणत होतीस! सहा वर्षं थांबलोय मी आपल्या नंबरासाठी.”

“नको म्हटलं ना!” आई माझ्यावर कधीच ओरडत नाही. आज ओरडली आणि मेथीची परात तशीच टाकून आत गेली.

फोन धरून बसलेल्या बाबांकडे बघून मी हसायचा प्रयत्न केला. “बाबा, एवढ्याशा टेस्टला घाबरली ही?”

बाबांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग फोन इतका जवळ घेतला, की मला त्यांचे फक्त ओठ दिसत होते.

“त्यांना विचार,” ते हळूच म्हणाले, “माझी एकट्याची टेस्ट चालेल का. माझी जुळेल.”