सरकारी नाक

हसुरामची बायको चांगुणा गेल्याचं गावाला कळलं, त्याच दुपारी बंदी-खात्याच्या मॅडम त्याच्या दारात नोटीस घेऊन आल्या. मासेमारीला बंदी होती आणि प्रत्येक होडीच्या इंजिनावर सरकारी नाक बसवलेलं होतं. मासळीचा वास आला की ते इंजिन बंद पाडायचं. छातीत कळा येणाऱ्या बायकोला हसुराम खाडीपलीकडच्या दवाखान्यात नेत होता, तेव्हा मध्येच त्याचं इंजिन बंद पडलं आणि ती वेळेत पोहोचलीच नाही.

"नाखवा, होडीत मासळी होती म्हणूनच ते थांबलं," मॅडम म्हणाल्या.

"मासळी नव्हती, माझी बायको होती. जन्मभर बोंबील सुकवून विकले तिने."

"पण वास आला ना?"

"मग बाजारातल्या सगळ्या कोळणींना पापलेट म्हणा! मासळीला वास येतो, म्हणून वास येईल ती मासळीच? कळा येत असताना तिने आधी साबण लावून अंघोळ करायची होती?"

"बंदीमुळे समुद्रात मासे वाढलेत, नाखवा."

"वाढू देत. बंदी मीही पाळतो, जाळी माळ्यावर आहेत. माझं भांडण माशांशी नाही."

मॅडम नोटीस उंबऱ्यावर ठेवून गेल्या. आजारी माणसाला खाडीपलीकडे न्यायची सोय गावात अजून झालेली नाही.