सोजरबाईंचं अर्धं वाक्य

“हे वाक्य इथेच तोड,” अपेक्षा म्हणाली.

गंधारनं पडद्याकडे पाहिलं. धायरीच्या सोजरबाई बोलत होत्या, “माझा भाऊ लई देवमाणूस. हक्कसोडीवर माझी सही घेईस्तोवर.”

“‘देवमाणूस’पाशी तोडू? म्हणजे फिल्मभर बाई भावाचं कौतुकच करणार.”

“फिल्म बिल्डरवर आहे. त्यानं हिंदुरावांची जमीन कशी लाटली, त्यावर.”

“आणि हिंदुरावांनी बहिणीचा वाटा लाटला, तो?”

“तू शूटला नव्हतास. तोड,” एवढंच म्हणून अपेक्षा चहा आणायला उठली.

दिग्दर्शकांचं हे हुकमी वाक्य. एडिटर शूटला कधीच नसतो, त्यामुळे ते कधी वायाही जात नाही. गंधारला मनापासून चीड आली. बहिणीनं वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावानं तिला साडी नेसवायची, ही रीत त्यानं स्वतःच्या घरातही पाहिली होती. त्याच्या आईची ती साडी अजून कपाटात होती.

आजवर त्यानं कितीतरी लोकांची वाक्यं सोयीच्या जागी तोडली होती. नेत्यांची, डॉक्टरांची, एकदा तर मुलगा गमावलेल्या आईचं. कारण दर वेळी उदात्तच असायचं. पण एका बाईचा हक्क दुसऱ्यांदा बुडवायला त्याचा हात धजेना.

अपेक्षासमोर त्यानं वाक्य तोडलं. अंतिम प्रत काढताना मात्र कच्चं चित्रण पुन्हा उघडलं, ‘घेईस्तोवर’ संपलं तिथे बरोबर थांबून तेवढा तुकडा उचलला आणि जागेवर बसवला. चुटकीसरशी झालं. या धंद्यात एक तरी काम सचोटीचं केलं, असं वाटून त्याला बरं वाटलं.

पहिला खेळ धायरीतल्याच एका मंगल कार्यालयात होता. हिंदुराव फेटा बांधून आले. त्यांच्याच गाडीतून सोजरबाई उतरल्या. लोकांपुढे मिरवायला बहीण बरोबर हवीच, गंधार मनात म्हणाला.

वाक्य आलं. मग मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. हिंदुराव उठले आणि बहिणीकडे न बघता बाहेर पडले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आत ऐकू आला.

अपेक्षानं वळून गंधारकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली नाही. आज त्याला कुणाला भ्यायचं कारण नव्हतं.

खेळ संपल्यावर सोजरबाई गर्दीतून वाट काढत आल्या. “माझं त्ये बोलणं कुनी घातलं?” त्यांनी विचारलं.

“मी, मावशी,” गंधार पुढे झाला. “हे लोक काढून टाकणार होते. मी ठेवलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“मग म्होरलं का न्हाई ठेवलंस? मी हात जोडलं हुतं की.”

“पुढचं? पुढचं मी... काय होतं पुढे?”

“ह्ये कुठं दावू नगा, म्हनलं हुतं. धनी गेल्यापास्नं मी भावाच्याच घरात राहती, बाबा.”