देवी काढणाऱ्या बाईंची लेक

रविवारी सकाळी वृंदाने एनस्खेडे या डच शहरातून गडहिंग्लजला फोन लावला, तेव्हा तिला खरं तर कुणाशीच बोलायचं नव्हतं. सगळा हिवाळा घर, ऑफिस आणि मुलीची, आर्याची शाळा एकाच छपराखाली चालली होती. शाळा उघडून महिना झाला तरी तो शीण अंगातून गेला नव्हता. खाली तिचा नवरा सिद्धार्थ आर्याकडून डच शब्द घोकून घेत होता. दोघंही कंटाळलेत, हे वरपर्यंत ऐकू येत होतं.

पण फोन करायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी महिला दिन. मराठी मंडळाच्या ऑनलाइन कार्यक्रमात तिला पणजीबद्दल बोलायचं होतं. तापीबाई, संस्थानात देवीची लस टोचणारी पहिली बाई. लस टोचण्याला तेव्हा देवी काढणं म्हणत. पुरुष आला की गावातल्या बायका दारं लावून घेत, तापीबाई आली की उघडत. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, आणि ते दोन मिनिटांत सांगून संपत होतं. तापीबाईंना पाहिलेलं एकच माणूस आता उरलं होतं. त्यांची मुलगी, वृंदाच्या आजोबांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली मालनआजी.

फोन अरुणकाकांनी, आजीच्या मुलाने, उचलला. ते गॅलरीत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वृंदा, आधी माझं एक काम कर. आईला करोनाची लस घ्यायला सांग. म्हाताऱ्या माणसांना द्यायला लागलेत इथे. शेजारचे सतीशराव गेले त्यात, तरी ऐकत नाही. तुझं ऐकेल."

"तुमच्याकडे मिळते तरी आहे," वृंदा म्हणाली. "आमचा नंबर कधी लागेल देव जाणे. द्या तिला."

आजीचा चेहरा पडद्यावर आला. गोड बोलून वळवायचं त्राण वृंदाकडे नव्हतं.

"आजी, लस घेऊन टाक ना. तापीबाईंची लेक तू. तूच नाही म्हटलंस तर कसं?"

आजी पडद्याकडे वाकली.

"बायका दारं उघडायच्या म्हणून सांगितलंय ना तुला मी?"

"हो."

"उघडायच्या. पण पोर पुढं करायच्या नाहीत. म्हणायच्या, बाई, आधी तुझ्या लेकीच्या काढ. मग आई मला पारावर बसवायची."

"मग?"

"मग काय. काढायची."

"पण तुझ्या तर आधीच काढून झालेल्या असणार."

"मागच्या गावात झाल्या, ते पुढच्या गावाला कसं पटायचं? त्यांना डोळ्यांनी बघायचं असायचं."

आजीने बाही वर सरकवली. अरुणकाकांनी फोन जवळ नेला, चित्र पुसट झालं आणि पुन्हा स्थिर झालं. दंडावर खांद्यापासून कोपरापर्यंत वण होते. काही नाण्याएवढे, काही नुसते पांढुरके. एकावर एक आलेले.

"सगळ्या उठल्या नाहीत. काही उठल्या, काही नुसत्या खाजल्या. रडायचं नाही, असं शिकवलेलं होतं. मी रडले की बायका पोरं उचलून आत न्यायच्या."

"आई, हे कधी बोलली नाहीस तू," अरुणकाका म्हणाले.

"काय बोलायचं त्यात? पोरं वाचली की रे त्या गावांतली."

खाली आर्या चुकीचा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि सिद्धार्थ तो पुन्हा पुन्हा सुधारत होता.

"तुला राग येतो का तिचा?" वृंदाने विचारलं.

"राग कशाला? दुसऱ्या कुणाची पोर आणून बसवणार होती ती तिथं?" आजीने श्वास घेतला. "दमले ग मी. एवढंच."

वृंदाने भाषणासाठी काढून ठेवलेले प्रश्न विचारले नाहीत. ती म्हणाली, "नको वाटत असेल तर नको घेऊस, आजी."

"अगं, वृंदा," अरुणकाका कॅमेऱ्यामागून म्हणाले.

आजीने बाही खाली ओढली. "घेते," ती म्हणाली. "पण बघायला कुणी यायचं नाही. अरुण, तूसुद्धा दाराबाहेर थांबायचंस."

सोमवारी कार्यक्रमात वृंदा दोन मिनिटंच बोलली. पहिली बाई, बंद दारं, उघडलेली दारं. पाराबद्दल ती काही बोलली नाही. पुढची वक्त्री ग्रोनिंगनहून बोलणार होती, तिचा आवाज येत नव्हता. सगळे तिला माइक सुरू करायला सांगू लागले. वृंदाने आपला कॅमेरा बंद केला.

मंगळवारी तिची मीटिंग चालू असताना अरुणकाकांचा फोन आला. ती उठून जिन्यात आली.

"घेतली लस. दवाखान्यातच आहोत. मी बाहेर उभा आहे, तिने सांगितलं तसा." ते घुटमळले. "वृंदा, आत रडतेय ग ती. मोठ्याने. नर्स म्हणते, दुखलं वगैरे काही नाही, सुई हातात घेतल्यापासूनच रडतायत. मी आयुष्यात कधी बघितलं नाही तिला रडताना. जाऊ का आत?"

फोनमधून वृंदालाही तो आवाज ऐकू येत होता. लहान मुलासारखा, न थांबणारा.

"नको, काका," ती जिन्याच्या पायरीवर बसत म्हणाली. "बाहेरच थांबा."