आन्सेल्मची शेवटची फेरी

"डावीकडं घे रे! बेकरीच्या दारावरनं जायचंय, भिंतीतनं नाही," ओदील म्हणाली.

रेमीनं डावीकडं घेतलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, शहरात टेबलापाशी बसून काम करणारा माणूस. ओदीलकाकूला घेऊन सकाळी निघाला, तेव्हापासून घामाघूम झाला होता आणि खांदे भरून आले होते. काकूचे गुडघे केव्हाच गेलेले. ती आपली घोंगडी पांघरून ऐसपैस बसली होती. मांडीवर पत्र्याचा डबा होता आणि डब्यात तिच्या नवऱ्याची, आन्सेल्मची राख.

वालब्रेन गावची रीतच तशी. माणूस गेला की त्याला थेट कबरस्तानात नेत नाहीत. आधी गावभर फिरवायचं, ठिकठिकाणी थांबायचं आणि दर ठिकाणी त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची. खरी. कौतुक काय, नंतर पाद्री करतोच.

"थांब. आली बेकरी," ओदील डब्याकडं बघून म्हणाली. "इथनं पाव आणताना वाटेतच टोक मोडून खायचास आणि नाव उंदरांचं घ्यायचास. चल पुढं."

पूर्वी अशा वेळी दारोदार माणसं टोप्या काढून उभी राहायची. आज कुणी नव्हतं. ओदीलला वाईट वाटलं.

"हे धुणं धुवायचं टाकं. बायका कपडे बडवत होत्या, तिथं तू मला बघायला आलास. विचारलं तर म्हणालास, गाय हरवलीय. तुमच्याकडं गाय होती कुठं, मेल्या?"

तोंडातून शब्द गेला आणि तिनं जीभ चावली. रेमीनं हसू आवरलं.

"काकू, आपल्याला परवानगी नाहीये. पहारेकऱ्यानं बघितलं तर?"

"सांगू, म्हातारीला भ्रम झालाय. तसं तोंड करून दाखवते की मी. तू वारा उठायच्या आत पोचव."

"पण तुला वाट कळते कशी? बघतेस तर वर!"

खरंच, तिची नजर टेकडीवरच्या दगडी क्रूसावर होती. "तो क्रूस आणि मागचा पांढरा कडा. क्रूस कड्याच्या मधोमध आला की टाकं, बाहेर सरकला की चर्च. गुरं राखताना पाठ झालंय. खाली बघून काय करू?"

तिची पहिली आणि एकुलती एक पोर नाव ठेवायच्या आतच गेली होती. तिला कबरस्तानाच्या कोपऱ्यात, भिंतीलगत पुरलं. पुढं गावानं वर नवं कबरस्तान केलं, तेव्हा दगड असलेली थडगी तेवढी तिकडं हलवली. पोरीच्या उशाशी दगड नव्हता. ती राहिली. आन्सेल्मनं ते कधी मनातनं काढलं नाही. "मला पोरीपाशी ने," एवढंच शेवटी बोलला. जाळायचं ठरलं तेव्हा पाद्री भडकला, आपल्यात जाळतात का म्हणून. "इवल्याशा खड्ड्यात पेटी मावायची कशी?" असं म्हणून ओदीलनं त्याला वाटेला लावलं होतं.

"चर्च," ती आता म्हणाली. "इथं तू दर रविवारी घोरलास. रेमी, आता अगदी हळू. थोडं पुढं. जरा मागं."

क्रूस कड्याच्या टोकाला टेकला. तिनं डबा छातीशी धरला. "इथंच. का अजून थोडं उजवीकडं? अरे, चुकले तर हा कायमचा भिंतीपलीकडं त्या बुशारांच्या आवारात पडायचा. जन्मभर त्यांच्याशी भांडलाय."

"घाई नको करूस, काकू."

तिनं पुन्हा वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे पुसले.

"इथंच. लेकीला कुशीत घे, आन्सेल्म. फार वर्षं एकटी राहिलीय ती."

रेमीनं वल्ही वर उचलून धरली. ओदीलनं नावेच्या कडेवरून वाकून डबा पाण्याला टेकवून सोडून दिला, आणि आन्सेल्म धरणाच्या तळाशी बुडालेल्या आपल्या गावात सावकाश उतरत गेला.